मांडवावरचं बांडगूळ

चुडामण भटू भंगाळे हे धुळ्याच्या एका कॉलेजात गणिताचे प्राध्यापक होते. पण गावात नव्यानं आलेल्या माणसानं विचारलं, "भंगाळे सर कुठे भेटतील?" तर लोक उलट विचारायचे, "आज वार कोणता? रविवार? मग लळिंगच्या कुरणात पाहा. गवतात पालथे पडलेले दिसतील. घाबरू नका, जिवंत असतात."

आणि खरंच तसंच असायचं. पांढरा शर्ट मातीत, चष्मा कपाळावर, डोळ्याला भिंग, आणि समोर बोटभर उंचीचं कसलंतरी रोप. एकदा एका गुराख्यानं त्यांना असं पडलेलं पाहिलं, साप चावला असं समजून सरळ खांद्यावर टाकलं आणि आग्रा रोडच्या दिशेनं पळत सुटला. सर त्याच्या पाठीवर हातपाय झाडताहेत, ओरडताहेत, "अरे सोड! माझं फूल राहिलं!" गुराखी आणखी जोरात पळायला लागला. रस्त्यावरच्या लोकांना म्हणाला, "इख डोकामा चढी गयं!" विष डोक्यात चढल्याशिवाय माणूस असं बोलतो होय?

आता हा गणिताचा माणूस पाल्यापाचोळ्यात शिरला कसा, तीही एक गंमतच आहे.

चुडामणचा जन्म एदलाबादजवळच्या खेड्यातला. एदलाबाद म्हणजे आताचं मुक्ताईनगर. बाप भटू शेतकरी, अक्षरओळख बेताची, पण पोराच्या डोक्यावर फार जीव. चुडामणला पाटी पुरायची नाही, म्हणून तो कोळसा घेऊन गोठ्याच्या भिंतीवर गणितं सोडवायचा. दिवाळी तोंडावर आली, आईनं भिंत सारवायला शेण कालवलं, तर भटू आडवा झाला. "थांब गं, थांब! पोराचं उत्तर आलं नाही अजून." त्या वर्षी म्हणे दिवाळीला अख्खं घर सारवलं आणि गोठ्याची एक भिंत तशीच काळी राहिली. सोयरे विचारायचे, भटू ऐटीत सांगायचा, "हिशेब चालू आहे."

असा मुलगा पुण्याला जाऊन एम. एस्सी. झाला, आधी जळगावला शिकवलं, मग धुळ्याला आला आणि तिथलाच झाला. वर्गात हातवारे करत, खडूच्या धुरळ्यात बुडून शिकवायचा. गणिताशिवाय त्याला काही दिसत नव्हतं. पन्नाशीच्या उंबरठ्यावर येईपर्यंत त्याला कडुनिंब आणि बकाणनिंब यांतला फरक माहीत नव्हता, आणि तो माहीत असावा असं कधी वाटलंही नव्हतं.

मग आली १९८० सालची परीक्षा. वनस्पतिशास्त्राचे एक सर आजारी पडले, आणि प्रात्यक्षिकाच्या वेळी वर्गात नुसतं बसून राहायला म्हणून प्राचार्यांनी भंगाळे सरांना पाठवलं. टेबलावर मुलांनी ओळखायचे नमुने मांडलेले. त्यात एक एकदांडी. एकदांडी म्हणजे कुठल्याही रस्त्याच्या कडेला, गटाराच्या काठाला उगवणारं पिवळं-पांढरं फूल. लांब दांडी, वर एक फूल, म्हणून एकदांडी. पोरं लिहीत होती, सरांना काही काम नव्हतं. शेजारी भिंग पडलेलं. सहज उचललं आणि एकदांडीवर धरलं.

आणि सर खुर्चीतून उठलेच!

ते एक फूल नव्हतंच. आत इवली इवली फुलं खच्चून बसलेली, प्रत्येकाला स्वतःच्या पाकळ्या, स्वतःचे केसर, जणू भरलेल्या बाजारात माणसांची डोकी. "अरे!" सर मोठ्यानं म्हणाले, "जन्मभर मी याला एक मोजत आलो, आणि हे तर गावच्या गाव आहे!"

पोरांनी माना वर केल्या, पाहिलं की सरांचं लक्ष आपल्याकडे नाही, आणि आनंदानं एकमेकांच्या वहीत माना घातल्या. प्रयोगशाळेचा शिपाई वाल्मीक धावत आला. "सर, बठ्ठा पोरे कॉप्या करी राह्यनात, अन् तुम्ही काय देखी राह्यनात?"

"वाल्मीक, इकडे ये. हे बघ."

"काय शे?"

"बघ तर!"

वाल्मीकनं एक डोळा मिटून पाहिलं. "एकदांडी शे, सर. मन्ही बकरी खास." माझी बकरी खाते, म्हणाला, आणि पोरांवर ओरडायला गेला. पण सरांचं काम झालं होतं. चाळिशीत माणसाला चाळशी लागते, सरांना पन्नाशीत भिंग लागलं. दुसऱ्याच रविवारी ते सायकल काढून लळिंगला गेले, आणि मग एकही रविवार घरी राहिले नाहीत. लळिंग झालं, तोरणमाळ झालं, सातपुड्यातले नाले झाले, खोरी झाली. रस्ता चुकणं तर रोजचंच. गणितात दिशा कधी न चुकणारा माणूस जंगलात हमखास उलटा जायचा.

घरात काय हाल! गोळा केलेली झाडं वर्तमानपत्राच्या घड्यांत ठेवून दाबून वाळवायची असतात. दाबायला वजन कुठलं? तर गादी आणि त्यावर झोपणारी माणसं. सरांची बायको प्रमिलाबाई शेजारणींना सांगायची, "आमच्याकडे कूस बदलली की गवत वाजतं. पाहुणा आला की आधी सातपुडा उचलावा लागतो, मग गादी झटकावी लागते." तक्रार करायची खरी, पण सर घरी नसताना कागद बदलायचं काम तीच करायची, आणि एखादी घडी उलगडून पाहत उभी राहायची.

तर असा हा माणूस, आणि त्याला वेड लागलं ते बांडगुळाचं.

बांडगूळ सगळ्यांनी पाहिलेलं असतं. आंब्याच्या फांदीवर उगवतं, आंब्याचं पाणी पितं, आणि ऐन उन्हाळ्यात आंब्यापेक्षा हिरवंगार दिसतं. पण सरांनी कुठंतरी वाचलं की काही बांडगुळं झाडावर येत नाहीत, ती दुसऱ्या बांडगुळावर येतात. म्हणजे झाडावर बांडगूळ, आणि त्या बांडगुळावर आणखी एक बांडगूळ! सरांची झोपच उडाली. वर्गात त्यांनी फलनाचं फलन कित्येक वर्षं शिकवलं होतं, एका क्रियेच्या उत्तरावर दुसरी क्रिया. ते गणित फांदीवर जिवंत लटकलेलं असतं, हे त्यांना कुणी सांगितलंच नव्हतं.

त्यांनी प्रमिलाबाईला उठवून सांगितलं. ती म्हणाली, "त्यात काय नवल? तुमचा चुलतभाऊ आपल्याकडे राहतो, आणि त्याचा मेहुणा त्याच्याकडे."

वनस्पतिशास्त्राच्या स्टाफरूममध्ये मात्र हशा पिकला. "भंगाळे सर, कोकणात, घाटात असेल. आपल्या खानदेशच्या उन्हात नाही व्हायचं. तुम्ही आपले एक्स आणि वाय सांभाळा." पण पुढच्याच थंडीत तोरणमाळच्या वाटेवर त्यांना ते दिसलं! मोहाच्या झाडावर बांडगूळ आणि त्याच्या कोपरावर दुसरं, मुठीएवढं. सर नाचले. त्यांनी ते कागदात गुंडाळलं, घरी आणलं, वाळवलं आणि या विषयातल्या पुण्याच्या एक मोठ्या बाई होत्या, त्यांना पार्सल केलं.

बाईंचं उत्तर आलं. मोठं सभ्य उत्तर. त्यांनी लिहिलं होतं, आपण पाठवलेला चुरा मिळाला. या जातीची बांडगुळं वाळताना सांध्यासांध्यातून सुटून पडतात. तोडल्याबरोबर उकळत्या पाण्यात बुडवून मग दाबावं लागतं. झाडाची फांदी, पहिलं बांडगूळ आणि दुसरं, तिन्ही एकमेकांना जोडलेली अखंड पाहिल्याशिवाय खानदेशच्या नावावर मी ही वनस्पती मांडू शकत नाही.

चुरा! सर पुन्हा तोरणमाळला धावले, तर ती फांदीच कुणी सरपणाला नेलेली. मग पुढं चार वर्षं त्यांनी सातपुडा पालथा घातला, मान वर करून करून मानेला पट्टा लागला, पण ते काही दिसलं नाही. स्टाफरूममध्ये कुणी चहा फिका झालाय म्हटलं की दुसरा म्हणायचा, "चहाची पूड भंगाळे सरांकडून मागवा." सर हसायचे. पण ते हसणं घशाखाली उतरायचं नाही. ते एक अखंड रोप मिळावं, बस, एवढंच एक मागणं उरलं होतं त्यांचं.

आणि मग १९८६ च्या वैशाखात बोदवडला नर्मदाचं लग्न निघालं.

नर्मदा म्हणजे सरांची भाची, धाकटी बहीण झुंबरबाई हिची मुलगी. सर नवरीचे सख्खे मामा. मामाशिवाय नवरी बोहल्यावर येत नाही, तेव्हा रविवार असो की सोमवार, जाणं भागच. निघताना प्रमिलाबाईनं पिशवी तपासली. "भिंग घेतलेलं नाही ना? लग्नाला चाललोय आपण."

"नाही घेतलं," सर म्हणाले. पिशवीत नव्हतंच, गळ्यात दोरीला बांधून शर्टाच्या आत होतं.

लग्नाच्या दिवशी सकाळी सर मांडवात बाजेवर बसून चहा पीत होते. आदल्या दिवशी भाऊबंद बैलगाड्या घेऊन गेले होते आणि मुक्ताईनगरकडच्या नाल्याकाठून गावरान आंब्याच्या डहाळ्या भरून आणून त्यांनी मांडव घातला होता. चांगल्या हिरव्या, भरगच्च डहाळ्या बघून बघून आणल्या होत्या पोरांनी. सरांनी कप तोंडाला लावला, मान मागे गेली, नजर वर गेली.

चहा सगळा मांडीवर.

"प्रमिला!"

"सांडला ना? मी म्हणलंच होतं."

"वर बघ."

"पाल आहे का?"

"पाल नाही गं! बांड…" सरांनी जीभ चावली. भरल्या मांडवात, लग्नाच्या दिवशी हा शब्द? विहीणबाईंच्या कानावर गेला तर वरात वेशीवरूनच परत फिरेल.

पण होतं तेच. पोरांनी सगळ्यांत हिरवी म्हणून जी डहाळी निवडली होती, तिची हिरवळ आंब्याची नव्हतीच. मनगटाएवढ्या आंब्याच्या फांदीवर जाड पानांचं, लालसर फुलांचं बांडगूळ, आणि त्याच्या बेचक्यात, सरांनी तीन-तीनदा डोळे पुसून पाहिलं, पोपटी कांड्याकांड्यांचा एक झुपका, त्याला ज्वारीच्या दाण्याहून बारीक फळं. झाड, त्यावर ते, त्यावर हे. अखंड. जोडलेलं. थेट डोक्यावर टांगलेलं!

सर तडक झुंबरबाईच्या नवऱ्याकडे गेले. जीवराम पाटील पत्रावळी मोजून घेत होते.

"जीवरामराव, ती एक डहाळी मला द्या."

"कोणती डहाळी?"

"मांडवावरची. ती तिथली."

जीवराम हसायला लागले. "भाऊ, मांडवाची हिरवी डहाळी काढतात का कुठी? नर्मी सासरी जाईन, तिथून पहिल्यांदा माहेरी येईन, तवा मांडव उतरीन. तोवर पान नाही हलवायचं. तुमाले काय सांगा लागते?"

"तोवर वाळून जाईल हो!"

"वाळू द्या ना. मांडव वाळतेच."

आता काय बोलणार? रीत सरांनाही ठाऊक होती. त्यांच्या स्वतःच्या लग्नाचा मांडव असाच वाळला होता. पण वैशाखाचं ऊन खानदेशातलं, सकाळीच पत्रा तापायला लागलेला. दुपारपर्यंत त्या झुपक्याचे सांधे ढिले होणार, संध्याकाळी मांडवात चुरा पडणार. सरांनी एक स्टूल ओढलं, तांब्या भरून घेतला आणि डहाळीवर पाण्याचा शिपका मारला. मग शर्टातून भिंग काढलं. स्टूल डुगडुगत होतं, म्हणून दोन्ही तळव्यांत धरून डोळ्याशी नेलं. फळं शाबूत आहेत! सरांच्या डोळ्यांत पाणी आलं.

खालून बायकांनी काय पाहिलं? मामा स्टुलावर उभे, डहाळीला पाण्यानं न्हाऊ घातलं, हात जोडून कपाळाशी नेलेत आणि डोळे भरून आलेत.

"अगं, मामानं देवक ओळखलं!"

"कुठी?"

"ते काय, वरती! आंब्यात वेगळंच पान आलं पाय. आपसूक आलं माय, आपसूक!"

लग्नात देवक म्हणून पानांची पूजा होतेच, पण मांडवावर देवक आपण होऊन आलेलं कुणी पाहिलं नव्हतं. बायका हळदी-कुंकू घेऊन आल्या. खालून चिमटीनं कुंकू उडवायला लागल्या. एकीनं निरांजन पेटवून वर नेलं, तसे सर किंचाळले, "लांबून! लांबून ओवाळा! धूर लागू देऊ नका! हात लावू नका कुणी!"

"कडक आहे बाई देवक," बायका एकमेकींना म्हणाल्या आणि आणखी दोन निरांजनं घेऊन आल्या.

वरात आली, दीपनगरहून दोन गाड्या भरून. नवरदेव रुपचंद तिथल्या वीज केंद्रात नोकरीला, अंगानं धिप्पाड, चेहऱ्यानं गंभीर, पण डोळ्यांत मिश्कीलपणा. त्याची आई शेवंताबाई उतरल्या उतरल्या विचारती झाली, "गर्दी कशाची?" कळल्यावर पदर डोक्यावर घेऊन पुढं आली. "आमच्याकडं असं वर नसते देवक. पण ज्याची त्याची रीत." आणि तिनं कुंकू वाहिलं. विहीणबाईंनी वाहिलं म्हटल्यावर अख्ख्या वरातीनं वाहिलं. स्टुलासमोर रांग लागली. सर स्टुलावर उभे राहून झुपक्यावर हात धरत होते आणि कुंकू स्वतःच्या डोक्यावर घेत होते. लोकांना वाटलं, पुजारी आहेत.

झुंबरबाईनं खालून हाक मारली, "भाऊ, मुहूर्त जवळ आला. नर्मीले आणा लागते ना."

सरांनी वर पाहिलं, खाली पाहिलं. मग मुकाट्यानं उतरले.

आतल्या खोलीत नर्मदा बाशिंग बांधून तयार होती. मामाचा चेहरा पाहून म्हणाली, "मामा, रडता काहून? मी काय लांब चाल्ली का? दीपनगर त इथंच आहे."

हा माणूस खोटं बोलू शकत नव्हता. तीच त्याची मोठी अडचण. "तुझ्यासाठी नाही रडत गं," ते म्हणाले आणि लगेच घाबरले. "म्हणजे, तुझ्यासाठीही रडणार आहे, पण नंतर. आत्ता ते वर आहे ना, देवक म्हणतात ते…" आणि त्यांनी दबक्या आवाजात सगळं सांगितलं. पुण्याचं पार्सल नर्मदाला ठाऊकच होतं, सुट्टीत धुळ्याला गेली की मामाच्या गादीखालचा पाला तिनंच मोजलेला. ती हसायला लागली. इतकी हसली की बाशिंग हललं.

"मंग सकाळीच सांगा लागते ना मले!"

"तुझं लग्न आहे. लग्नात असलं अभद्र नाव काढायचं? जाऊ दे. मिळेल पुन्हा कधीतरी. चल, मुहूर्त टळेल."

आणि त्यांनी तिचा हात धरला. मांडवातून जाताना ते त्या डहाळीखालूनच गेले, पण मान वर केली नाही. चार वर्षं वर पाहत फिरलेला माणूस, त्यानं त्या क्षणी सरळ भाचीच्या पावलांकडे पाहिलं. मंगलाष्टकं झाली, अक्षता पडल्या, बॅन्ड वाजला. सर बोहल्यामागे ताठ उभे होते, आणि मानेवरून घाम ओघळत होता.

मग बसली पंगत. वरण-बट्टी, तूप, गंगाफळाची भाजी. भुकेनं सगळे कासावीस. पण नवरदेव पहिला घास घेत नाही तोवर कुणी हात लावत नाही, आणि नवरदेव घास घेण्याआधी रुसतो. ही रीतच आहे आपल्याकडची. जावई रुसतो, सासरा खिशातून घड्याळ काढतो, जावई हसतो, पंगत सुरू. जीवरामांनी घड्याळ तयारच ठेवलं होतं.

नर्मदानं रुपचंदला भरवायला घास उचलला, वाकली आणि त्याच्या कानाशी काहीतरी बोलली. तो घास तोंडात न घेता थांबला. तिच्याकडे पाहिलं. वर डहाळीकडे पाहिलं. मग मांडी ठोकून, हाताची घडी घालून बसला.

"नवरदेव रुसले!" मित्रांनी गलका केला. "स्कूटर! स्कूटर!"

जीवराम घड्याळ घेऊन पुढं आले. रुपचंदनं मान हलवली. "घड्याळ नको."

जीवरामांचा चेहरा उतरला. स्कूटर दिसायला लागली त्यांना. "मंग काय पाह्यजे, जावईबापू?"

"ती डहाळी."

"कोणती?"

"ती, वरची. काढून द्या. अन् द्यायच्या आधी उकळत्या पाण्यात बुडवून द्या."

जीवराम हळूच म्हणाले, "जावईबापू, ऊन लागलं का?"

शेवंताबाई पंगतीतून उठली. "रुपचंद! अरे, त्याइचं देवक आहे ते! आत्ता कुंकू वाह्यलं मी!"

"आई, मी रुसेल आहे. रुसलेल्या माणसाशी वाद घालत असतात का?"

इकडे सर खांबाला धरून उभे. पायाच्या अंगठ्यानं माती उकरत होते. झुंबरबाईनं भावाकडे पाहिलं. लहानपणी चोरून कैरी खाल्ली की हा असाच उकरत उभा राहायचा. ती जवळ आली आणि दातांआडून म्हणाली, "भाऊ, देवक नव्हतं ना ते?"

"नव्हतं."

"मंग काय आहे?"

"नंतर सांगतो."

"नको सांगू. तुह्या थोबाडावर दिसून राह्यलं, काहीतरी पाल्याचंच आहे." मग ती वळली आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाली, "ईनबाई, घरचं देवक कालच देवघरात बसवलं. ही साधी मांडवाची डहाळी आहे. तुम्ही कुंकू वाह्यलं, चांगलंच झालं. पण मांडव उघडा नाही पडला पाह्यजे. आधी दुसरी डहाळी बांधा, मंग ही उतरवा."

शेवंताबाई अजून विचारात होती. तेवढ्यात पंगतीच्या टोकाला बसलेले पितांबरबाबा, ज्यांना सकाळपासून कुणी काही खायला दिलं नव्हतं, ते कडाडले, "अरे बुडवा ना काय बुडवायचं ते! वरण थंडं होऊन राह्यलं!" आणि अख्खी पंगत ओरडली, "बुडवा! बुडवा!"

नवी डहाळी बांधली गेली. सर स्वतः स्टुलावर चढले, कोयत्यानं फांदी तोडली आणि बाळंतिणीचं पोर घ्यावं तशी दोन्ही हातांवर घेतली. निघाले आचाऱ्याकडे. मागं जीवराम, झुंबरबाई, वरातीतली अर्धी माणसं. आचारी सुपडू बट्ट्या उकडलेलं पातेलं चुलीवरून उतरवत होता.

"थांब! उतरवू नको!"

"माह्या पातेल्यात पाला?"

"बट्ट्या झाल्या ना? मग हे पाणी फेकून दे नंतर."

"फेकतो नाही त काय, चहा करतो का?" सुपडू म्हणाला, पण त्यानं लाकडं पुढं सारली. पाणी खदखदलं. सरांनी फांदी उलटी धरली आणि झुपका पाण्यात सोडला. जास्त वेळ ठेवला तर पानं गळणार, कमी ठेवला तर सांधे सुटणार. सरांच्या हाताला वाफ भाजत होती, त्यांना कळत नव्हतं. मग त्यांनी फांदी झटक्यात वर उचलली. पाणी निथळलं. झुपका होता तिथंच होता, एकही कांडं सुटलं नव्हतं!

सरांनी अशी आरोळी ठोकली की बॅन्डवाले नवरदेव उठला समजून वाजवायलाच लागले.

"कागद!" सर ओरडले. "अरे, कागद आणा कुणी! टिपकागद!"

प्रमिलाबाई पुढं आली. तिनं साडीच्या पिशवीतून वर्तमानपत्रांची घडी, टिपकागद आणि सुतळी काढली. सर बघतच राहिले. "तू आणलंस?"

"तुम्हाला ओळखत नाही का मी? भिंग गळ्यात आहे हेही माहीत होतं."

आता राहिलं वजन. दोन पाटांच्या मध्ये कागद, कागदात फांदी. पाटांवर काय ठेवायचं? रुसवा सोडून जेवलेला रुपचंद पंगतीतून हात धुऊन उठला, स्वतःची गादी उचलली, पाट गादीखाली ठेवले आणि वर ऐसपैस बसला. "मामा, आहेर होईस्तोवर मी हलत नाही. पुरे का वजन?"

"भरपूर!" सर म्हणाले. "फक्त डाव्या अंगाला कलू नका."

त्या लग्नाचे फोटो ज्यांनी पाहिले ते विचारतात, नवरदेव एवढा ताठ का बसलाय, कमरेत उसण भरली होती का? तर नाही. मामेसासऱ्याचं बांडगूळ दाबत होता.

पुढं धुळ्याला रोज कागद बदलले गेले, आणि या वेळी सरांनी पोस्टावर विश्वास ठेवला नाही. पुठ्ठ्यात बांधून, मांडीवर घेऊन, एसटीनं थेट पुणं गाठलं. पुण्याच्या बाईंनी पार्सल सोडलं, दिवा ओढून घेतला आणि भिंग डोळ्याला लावलं. आंब्याची फांदी पाहिली. पहिलं बांडगूळ पाहिलं. मग भिंग बदलून दुसऱ्याकडे वळल्या.

"हे लाल कण कसले? असे पराग मी पाहिले नाहीत."

"कुंकू आहे."

बाईंनी मान वर केली. मग हसू आवरत पुन्हा खाली घातली. सांधा न् सांधा पाहिला, फळ न् फळ पाहिलं. शेवटी खुर्चीत मागं टेकल्या. "भंगाळे सर, अखंड आहे. खानदेशच्या नावावर लिहिते. गोळा करणारा म्हणून कुणाचं नाव घालू?"

सर गडबडले. पोरांनी गाडीत घातली, जीवरामांनी मांडवावर बांधली, जावयानं रुसून मिळवली, सुपडूच्या पातेल्यात शिजली. "कुटुंब," ते म्हणाले.

"तसं लिहिता येत नाही हो."

"मग घाला चुडामण भंगाळे. पण कंसात काहीतरी जागा ठेवा."

परतीची एसटी सकाळची होती. सरांना खिडकी मिळाली, शेजारी अमळनेरचे एक व्यापारी गृहस्थ. बस शिवाजीनगरातून निघाली न निघाली तोच सरांनी त्यांच्याकडे वळून सुरुवात केली, "तुम्ही कधी आंब्यावरचं बांडगूळ नीट पाहिलंय का?" नारायणगाव आलं, सर स्टुलावर चढले होते. नाशिकला चहा प्यायला उतरले तेव्हा रांग लागून कुंकू वाहिलं जात होतं. चांदवडच्या घाटात रुपचंद रुसला, गृहस्थांनी भजी खाणं थांबवलं. मालेगावला पाणी खदखदत होतं, आणि पुढच्या सीटवरची दोन माणसंही मागं वळून बसली होती. धुळं आलं तेव्हा सर पुण्याच्या बाईंच्या टेबलापाशी पोचले होते आणि आवाज बसला होता.

गृहस्थांना अमळनेरची गाडी धरायची होती. पिशवी उचलून ते खाली उतरले, दोन पावलं गेले आणि खिडकीपाशी परत आले.

"मास्तर, एकूण लग्न चांगलं झालं म्हणायचं."

"फार चांगलं झालं," चुडामण सर म्हणाले. "फारच चांगलं झालं हो!"